पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे

दाभोळच्या जेटीवर आपण पोचावं आणि फेरीबोट नुकतीच सुटलेली असावी, हे माझ्या बाबतीत इतक्या वेळा झालंय की आता मी घाई करतच नाही. सायकल कठड्याला टेकवायची, बाटलीतलं कोकम सरबत दोन घोट प्यायचं आणि बसायचं. समोर धोपावे, मध्ये वाशिष्ठी, उजवीकडे खाडीच्या तोंडाशी अंजनवेलचा गोपाळगड. बोट पलीकडे जाऊन गाड्या उतरवून, नव्या चढवून परत येईपर्यंतचा वेळ माझा हक्काचा. त्या वेळात मी माझ्या तीन मैत्रिणींशी बोलते.

कोकणात किनाऱ्याकिनाऱ्याने सायकल चालवायची तर खाडी आडवी येणारच. काहींवर पूल झालेत. पण आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड या चार ठिकाणी मी बोटीनेच जाते. सायकल धरून उभं राहायचं, गार वारा खायचा, पलीकडे उतरायचं. बागमांडल्याला सावित्री ओलांडली की रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू होतो. पूल झाले तर लोकांची सोय होईल, आजारी माणूस वेळेत पोचेल, हे मला कळतं आणि ते व्हावेत असंच वाटतं. पण माझ्या मैत्रीचा बराचसा भाग या जेट्यांवर बसून राखलाय, हेही खरं आहे.

आम्ही चौघी रत्नागिरीला कॉलेजात होतो, 1984 ते 87 एका खोलीत राहिलो. आता एक पुण्याला, एक नाशिकला, एक मालवणला आणि मी गुहागरला. नावं लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. माझ्या फोनमध्येसुद्धा त्या गावांच्या नावानेच आहेत. मी 31 वर्षं पोस्टात होते, बहुतेक काळ काउंटरवर. 2021 मध्ये मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि त्याच महिन्यात सायकल घेतली. आठ गिअरची, जरा रुंद टायरची, कारण आमच्याकडचा रस्ता डांबराचा कधी संपेल आणि जांभ्याची खडी कधी लागेल सांगता येत नाही. खारी हवा चेनला खाते, म्हणून किनाऱ्यावरून आलं की आधी गोड्या पाण्याने सायकल धुते, पुसते, चेनला तेल देते आणि मगच स्वतः आंघोळीला जाते.

सुरुवातीला आमचं बोलणं म्हणजे फोटो. मी जेटीचा फोटो टाकायची, नाशिकवाली द्राक्षांचा, मालवणवाली ताटातल्या बांगड्याचा. पुणेवाली कधी सिंहगडाच्या वाटेवरचा, कधी कार्यालयातल्या खिडकीचा. खाली अंगठे, फुलं, जोडलेले हात. आम्हाला वाटायचं, आपण संपर्कात आहोत.

ऑक्टोबर 2022. दिवाळी चार दिवसांवर. मी तवसाळच्या जेटीवर होते. पुणेवालीचा आवाजी निरोप आला, चाळीसेक सेकंदांचा. घरातल्या साफसफाईचं सांगत होती, फराळाचं सांगत होती, आणि मध्येच म्हणाली, ‘अगं, हल्ली जिना चढताना दम लागतो. आणि जबडा दुखतो, डाव्या बाजूचा. दाढेचंच असणार. दिवाळी झाली की दातांच्या डॉक्टरकडे जाते.’ पुढे पुन्हा चकल्या.

मी ऐकलं. बोट लागत होती. मी अंगठा पाठवला. नाशिकवालीने फूल, मालवणवालीने हात जोडले.

नवव्या दिवशी तिला रात्री अँजिओग्राफीला नेलं. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. स्टेंट टाकला. वाचली.

मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे काय, ते मला वेगळं सांगायला नको. तो निरोप मी नंतर किती वेळा ऐकला असेन. त्यात सगळं होतं. बायकांना हृदयाचा त्रास होतो तेव्हा छातीत कळ येतेच असं नाही. जबडा, मान, पाठ दुखते, दम लागतो, मळमळतं, कारण नसताना थकवा येतो, आणि बाई ते दाढेवर, पित्तावर, दिवाळीच्या कामावर ढकलते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण एक गोष्ट मला कळायला हवी होती. त्या निरोपात ती चकल्यांबद्दल बोलतानाही मध्ये मध्ये थांबत होती. अर्धं वाक्य, श्वास, उरलेलं अर्धं. फोनवर बोलताना जिच्यापुढे आम्हाला तोंड उघडायला जागा मिळत नसे, तिची वाक्यं तुटत होती आणि ते माझ्या कानाला टोचलं नाही.

टोचायला हवं होतं, कारण मी ते काम आयुष्यभर केलंय. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कुपन असायचं, निरोप लिहायला दोन-तीन ओळींची जागा. मुंबईचे चाकरमानी त्यात लिहायचे, ‘पैसे पाठवले आहेत. इकडे सर्व ठीक. तब्येतीस जपावे.’ वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या ते माझ्याकडून वाचून घ्यायच्या आणि दर वेळी विचारायच्या, ‘अक्षर त्याचंच हाय ना गो?’ मजकूर दर महिन्याला तोच असायचा, त्याची त्यांना फिकीर नव्हती. अक्षर कापरं झालंय का, दुसऱ्या कोणी लिहून दिलंय का, एवढंच त्यांना हवं असायचं. मी अक्षर बघून सांगायची. आणि स्वतःच्या मैत्रिणीचा आवाज ऐकून मला काही कळलं नाही.

त्या नोव्हेंबरात आम्ही ठरवलं की अंगठा बंद. फोटो टाका, हवे तेवढे टाका, पण आठवड्यातून एकदा खरं बोलायचं, आणि तब्येत विचारली तर ‘ठीक’ म्हणायचं नाही. आकडा सांगायचा किंवा काय होतंय ते सांगायचं. नाशिकवालीने उपाशीपोटीची साखर सांगायची, मी रक्तदाब सांगायचा (माझा वरचा 140 च्या आसपास घुटमळतो, गोळी सुरू आहे), मालवणवालीने गुडघ्याचं सांगायचं. पहिले काही आठवडे हे फार अवघड गेलं. चाळीस वर्षांची ओळख, पण ‘मला भीती वाटते’ हे वाक्य कोणाच्याच तोंडून निघेना.

पुणेवालीला दोन महिन्यांनी व्यायामाची परवानगी मिळाली. घरात एका जागी बसून चालवायची सायकल आणली. मनगटी घड्याळात नाडी बघून व्यायाम करायचा असं तिने ठरवलं होतं, पण फिजिओथेरपिस्टने समजावलं की तिला ज्या गोळ्या आहेत त्या नाडीचा वेगच धरून ठेवतात, वयानुसार काढलेले आकडे तिला लागू पडणार नाहीत. त्यापेक्षा साधी खूण सांगितली. पायडल मारताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. गाणं म्हणता आलं तर अंगाला व्यायाम होत नाही. वाक्य तुटलं तर जास्त होतंय.

तिने मला हे सांगितलं तेव्हा मी कितीतरी वेळ काही बोलले नाही. मग म्हटलं, ‘तू मला फोन लावून सायकल चालव. मी ऐकते.’

जानेवारी 2023 पासून मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सात वाजता. ती फोन स्पीकरवर ठेवायची, मी इकडे आगरात शिंपणं लावून पोफळीखाली बसायची. पहिल्या दिवशी पाच मिनिटं झाली आणि बोलायला विषयच उरला नाही. भिंतीकडे तोंड करून सायकल मारणाऱ्या माणसाने बोलायचं तरी काय. म्हणून मी म्हटलं, दिघीपासून निघू. तू चालव, मी वाट सांगते, आणि तू माझ्यामागून पूर्ण वाक्यात सांगायचं. ‘आता मी दिघीहून निघाले आणि मला दिवेआगरला जायचं आहे.’ एका श्वासात हे झालं तर ठीक. ‘आता मी दिघीहून’ इथे अडखळली की मी म्हणायची, गिअर उतरव.

अशी ती पुण्यात बसून किनारा उतरायला लागली. दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. शेखाडीचा रस्ता मी तिला तीन दिवस पुरवून सांगितला, कारण तो आहेच तसा. दक्षिणेकडे तोंड केलं की डावीकडे डोंगर, उजवीकडे हातभर अंतरावर समुद्र, आणि वळणावळणावर वाटतं की लाट आता रस्त्यावर येईल. श्रीवर्धनच्या आगरांचं सांगताना 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाचं बोलणं निघालं. किती पोफळी गेल्या, किती माड मुळासकट आडवे झाले. पोफळ लावल्यापासून हातात सुपारी यायला वर्षं जातात, म्हणून ते नुकसान एका हंगामाचं नव्हतं. ती ऐकता ऐकता गप्प झाली. मी घाबरले. पण पायडलचा आवाज चालू होता. म्हणाली, ‘दम नाही लागला गं. विचार करत होते.’

बागमांडल्याला पोचली त्या दिवशी ती स्वतःहून थांबली. ‘बोट आलेली नाही,’ म्हणाली. दोन मिनिटं पाणी प्यायली, पाय सोडले. तेव्हापासून प्रत्येक खाडीला विश्रांती. मशीनवरचे किलोमीटर मी एका वहीत लिहीत गेले, तारीख, वेळ, कुठून कुठे, आणि शेवटच्या रकान्यात वाक्य किती वेळा तुटलं. पोस्टाची सवय, रकाने आखल्याशिवाय मला लिहिता येत नाही.

वेळासला पोचलो तो मार्च उजाडला. वेळास म्हणजे कासवं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 च्या सुमारास तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली आणि मग ते काम किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांनी उचललं. आमच्या गुहागरला तर आता भरपूर घरटी सापडतात. त्याच वर्षी फेब्रुवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला खूण पाठवणारी यंत्रं बसवून त्यांना सोडलं होतं. एकीचं नाव गुहा ठेवलं, दुसरीचं बागेश्री. कासव श्वास घ्यायला पाण्यावर आलं की यंत्र बाहेर निघतं आणि ठिकाण कळवतं. पाण्याखाली असेपर्यंत काही नाही.

पुणेवालीने हे ऐकलं आणि तिला बागेश्रीचा ध्यास लागला. दर शुक्रवारी पहिला प्रश्न, ‘बागेश्री कुठे पोचली?’ मी बातम्या वाचून ठेवायची. ती दक्षिणेला निघाली, केरळ ओलांडून श्रीलंकेकडे गेली, पुढे बंगालच्या उपसागरात शिरली. आमची इथे केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी चालू होती. एकदा ती म्हणाली, ‘मलाही असंच सांगितलंय. श्वास घ्यायला वर यायचं, तेवढ्यात कळवून टाकायचं.’ हे तिने एका दमात म्हटलं. मी वहीत ‘शून्य’ लिहिलं.

बाकीच्या दोघींचं राहिलं. नाशिकवालीला साखरेवर ज्या गोळ्या आहेत त्यातली एक साखर फार खाली नेऊ शकते, हे तिला माहीत होतं पण तिने मनावर घेतलं नव्हतं. ती माझ्याकडे आली असताना आम्ही सकाळी वेळणेश्वरहून हेदवीला निघालो, आणि चढावर तिला दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले. कोकणात सगळ्यांनाच घाम येतो, दमट हवेत तो सुकतही नाही, म्हणून चटकन कळत नाही. पण तिचं बोलणं असंबद्ध झालं होतं. त्या वेळी मात्र मला ऐकू आलं. बाटलीत साखर घातलेलं सरबत होतं ते पाजलं, पाऊण तास आंब्याच्या सावलीत बसवलं, पंधरा पंधरा मिनिटांनी साखर तपासली. आता ती सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि वर एक घावन खाल्ल्याशिवाय सायकलला हात लावत नाही, आणि लांबच्या फेरीच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून घेते.

मालवणवालीचं गुडघेदुखीचं निम्मं कारण बैठक निघाली. तिच्या मुलाची सायकल, बैठक अगदी खाली. मी फोनवर सांगितलं, बैठकीवर बस, टाच पायडलवर ठेव, पायडल सगळ्यात खाली गेलं की पाय सरळ झाला पाहिजे. चार बोटं वर घेतली. दुसऱ्या आठवड्यात तिचा निरोप, ‘गो बाय, तारकर्लीपर्यंत जावन इलंय!’ एवढंच, पण त्या ‘इलंय’ मध्ये काय आनंद होता.

पुणेवाली दाभोळला पोचेपर्यंत पावसाळा संपत आला होता. मध्ये ती दोनदा आजारी पडली, मुलीचं बाळंतपण झालं, आमचे कितीतरी मंगळवार बुडाले. दाभोळला आल्यावर ती म्हणाली, ‘ही खाडी मी मशीनवर नाही ओलांडणार.’

वर्षभरानंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांतली एक बंद झाली. ट्रेडमिलची चाचणी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, सपाटीला चालव, चढाला उतर, जिभेखालची गोळी खिशात ठेव आणि एकटी जाऊ नकोस. जानेवारी 2024 मध्ये ती पुण्याहून दापोलीच्या एसटीने आली. इथे तिच्या उंचीची सायकल मी शेजाऱ्यांकडून मागून घेतली होती. बैठक नीट करून, ब्रेक तपासून दाभोळला टेम्पोने नेऊन ठेवली.

बोट समोरून सुटून गेलेलीच होती. दोघी कठड्यावर बसलो. सकाळचे साडेसात, खाडीवर अजून धुकं. ती गोपाळगडाकडे बघत म्हणाली, ‘तू सांगितलं होतंस तसाच आहे.’ मग काही बोलली नाही. मी तिचा श्वास ऐकत होते, आणि तिला ते माहीत होतं.

धोपाव्याला उतरलं की लगेच चढ आहे. जेटीवरून रस्ता सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर जातो, तो दमदार माणसालाही जड जातो. तिने सुरुवातीला पायडल मारलं आणि बोलायलाही सुरुवात केली, सवयीने. ‘आठवतं का गं, आपण कॉलेजात असताना तुझ्या घरी यायला निघालो होतो, तेव्हा इथे गाड्यांची बोट नव्हती, होडी होती, आणि उतरताना माझी चप्पल…’

वाक्य तुटलं. मी उतरले. तीही उतरली. दोघी सायकली ढकलत, शेजारी शेजारी, मागून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवत चढलो. ती एक शब्द बोलली नाही. मी विचारलं नाही. वाटेत दोनदा थांबलो. मी तिच्या कपाळाकडे, ओठांच्या रंगाकडे बघत होते. तिने दोन्ही वेळा नुसती मान हलवली, ठीक आहे म्हणून.

सड्यावर आलो. वारा लागला. वाळलेलं सोनेरी गवत, काळवंडलेला जांभा, दूर निळी रेघ. ती एका दगडावर बसली, बाटली उघडली, सरबत प्यायली. मग जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे बोलायला लागली.

‘…पाण्यात पडली आणि वाहून गेली. मी एका पायात चप्पल घालून तुझ्या घरी आले. तुझ्या आईने तिच्या वहाणा काढून दिल्या आणि म्हणाली, पुढच्या वेळी आण. त्या मी पुण्याला नेल्या आणि परत आणायच्या राहिल्याच.’

एका दमात. मध्ये कुठे थांबली नाही.

आई जाऊन अकरा वर्षं झाली. मला त्या वहाणांचं काहीच आठवत नव्हतं. ‘अजून आहेत?’ मी विचारलं.

‘आहेत ना. माळ्यावर. पुढच्या वेळी आणते,’ ती म्हणाली, आणि उठून सायकलवर बसली. रानवीच्या बाजूला उतार होता. मी तिला ब्रेक दोन्ही हातांनी धरायला सांगितलं आणि मागे राहिले.